अर्ध्या मात्रेचा उशीर

त्या रविवारी तालमीत बाबांनी रीनाला तीनदा थांबवलं. तिसऱ्या वेळी तर त्यांनी ऑर्गनवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि भात्यावरचे पायही काढून घेतले. हवा संपली तसा सूर घसरत घसरत विझला, आणि रुआबांध्याच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये पंख्याची घरघर तेवढी उरली.

"लेट," बाबा म्हणाले. "पुन्हा लेट. अंतऱ्यावरून खाली येतेस अन् समेच्या तोंडाशी येऊन उभी राहतेस. कावून? कोनी रस्ता अडवला का तुहा?"

"पुन्हा घेऊ," रीना म्हणाली.

"घेऊ ना. घेतच राहू. तीन हप्त्यांवर प्रयोग आला अन् आपन घेऊनच राहिलो."

केवलराम काका बाजूला कमरेवर हात ठेवून उभे होते. ते नाटकातले महाराज. मिशी नवीन मागवली होती आणि ती घामात टिकते का हे पाहायला सकाळपासून लावून बसले होते. "जाऊ दे रे टिकाराम," ते म्हणाले, "राजकन्या हाय ते. राजकन्या लेटच येते. वेळेवर तर आपल्यासारखे कार्ड पंच करनारे येतात."

सगळे हसले. बाबाही हसले, पण रीनाकडे न पाहता. मग काकांनी छाती पुढे काढली आणि एकदम शंभर वर्षांपूर्वीच्या मराठीत शिरले. "कन्ये, या प्रासादाच्या पाषाणांनाही तुझ्या निरोपाचा भार साहवेनासा झाला आहे!" आणि त्याच दमात तबलजीला, "अबे अमर, तो पंखा कमी कर ना बाप्पा, मिशी उडून राहिली."

मंडळी अशीच होती. बत्तीस वर्षांपूर्वी इथल्या पोलादाच्या प्लांटमधल्या, विदर्भातून आलेल्या काही घरांनी ती सुरू केली. धड हौशी नाही आणि धड धंदेवाईकही नाही. तिकीट लावून प्रयोग करायचे, गोंदिया, बालाघाट, रायपूर, वर्षातून एकदा नागपूर. मानधनाचं पाकीट मिळे, पण त्यावर कुणाचं घर चालत नसे. यंदा जे नाटक काढलं होतं ते मूळ पाच अंकांचं आणि बावन्न पदांचं. कापूनकूपून तीन अंक आणि सतरा पदं ठेवली होती. म्हातारी माणसं अजून ती पदं ऐकायला येत आणि गाणाऱ्याच्या आधी आपणच ओठ हलवत.

रीनाचे बाबा, टिकाराम मेश्राम, मंडळीचे ऑर्गनवाले. रोलिंग मिलमध्ये पस्तीस वर्षं त्यांनी डोक्यावरून फिरणारी क्रेन चालवली. एका हातात एक दांडा, दुसऱ्या हातात दुसरा, खाली लालभडक पोलाद. सुट्टीच्या दिवशी रेल्वेनं नागपूरला जाऊन एका वृद्ध साथीदाराकडे ते ऑर्गन शिकले. नटांना समजवतानाही त्यांच्या तोंडी क्रेनच असे. "लोड हवेत असला तर झटका द्याचा नाई. हळू खाली आना. सूरही तसाच ठेवाचा असते." प्रयोगाच्या दिवशी नांदीआधी केवलराम काका नारळ फोडत तेव्हा बाबा हात मागे बांधून बाजूला उभे राहत. विहारात जाणारा माणूस. नारळ फोडत नसत आणि हातही जोडत नसत. नांदी मात्र अशी वाजवत की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

"खोबरं खातेस अन् नारळ नाई फोडत," काका दरवेळी टोमणा मारत.

"फोडाले तू हायेस ना. सगळे कामं मीच करू का?" बाबा खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत.

ही दोघांची सव्वीस वर्षांची जुनी जुगलबंदी. हे बोलणं झालं नाही तर पडदा नीट उघडत नाही असं सगळ्यांना वाटे.

रीना चौथ्यांदा गायली. तिसऱ्या अंकातलं राजकन्येचं निरोपाचं पद, झपतालात. अंतरा वर जातो, तिथं जरा रेंगाळतो, आणि मग ध्रुवपदावर परत येताना ऑर्गनच्या डाव्या हाताला थेट खर्जातल्या षड्जावर उतरावं लागतं. तिथं ती थांबली. अर्धी मात्रा. बाबांचा डावा हात पडला, आणि मग तिनं सम घेतली.

"जाऊ द्या," बाबा म्हणाले. "तुह्या कानात तालच नाई, माय. इतके वर्ष झाले. आता का येनार हाय?"

सहअभिनेत्री हर्षानं तिच्याकडे पाहून भुवया उडवल्या, म्हणजे चलता है, दीदी. रीनानं पाण्याची बाटली उचलली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

खरं असं होतं की उशीर तिचा नव्हता. दिवाळीनंतरच्या एका तालमीत तिला पहिल्यांदा जाणवलं की बाबांचा डावा हात मागे पडतो आहे. सगळीकडे नाही. जिथं लांबची उडी घ्यायची तिथंच. आधी तिला वाटलं ऑर्गनची पट्टी अडकत असेल. मग एकदा तिनं वेळेवर सम घेतली तेव्हा तिचा आवाज एकटाच पुढे गेला आणि खालून बाबांचा खर्ज धडपडत मागून आला. बाबा गोंधळले. त्यांनी हाताकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात असं काही होतं की पुढच्या वेळी ती आपोआप थांबली. सगळं जुळलं. बाबांना बरं वाटलं आणि लगेच रागही आला, कारण पद आता मागे ओढल्यासारखं वाटत होतं आणि ओढणारी रीना होती.

चार महिने ती असं थांबत होती आणि बोलणी खात होती. प्लांटच्या प्रयोगशाळेत ती पोलादाचे नमुने तपासायची. गंधक एक शतांश वाढलेलं दिसलं तर पाच मिनिटांत फोन करून समोरच्या इंजिनिअरला चहा टाकून उठायला लावायची. घरी मात्र तिला फोन कुणाला करायचा ते कळत नव्हतं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला, ज्याचा सगळा मान त्या दोन हातांत आहे, त्याला काय सांगायचं? तुम्ही चुकता?

दुपारी घरी आईनं वालाच्या शेंगांची भाजी केली होती. बाबा दोन पोळ्या जास्त जेवले. मग व्हरांड्यात खुर्ची टाकून त्यांनी पेपर वाचला, पेपरवाल्यांना मराठी येत नाही अशी तक्रार केली, आणि तोंडावर तोच पेपर घेऊन झोपले. चार वाजता रीना त्यांच्या खोलीत गेली. ते ऑर्गनच्या भात्याचा चामड्याचा पट्टा काढून त्याला तेल चोळत होते, उजव्या हातानं. डावा मांडीवर होता. ती दारात उभी राहिली. आता सांगू. बाबा, डॉक्टरला एकदा हात दाखवू या. एवढंच. इतकं तिनं मनात जुळवून आणलं होतं.

"का होय?" त्यांनी वर न पाहता विचारलं.

"चहा ठेवू का?"

"ठेव. अद्रक टाक जराशी."

तिनं चहा ठेवला. अद्रक टाकली.

सोमवारी सकाळी साडेसहाला ते अंगणात पाणी भरताना पडले. बादली लवंडली तो आवाज रीनानं ऐकला, माणसाचा आवाज झालाच नाही. बुधवारी दुपारी दवाखान्यात सगळं संपलं.

मधल्या दिवशी डॉक्टरांनी दोघींना आत बोलावलं होतं. तरुण माणूस होता, हिंदीत बोलत होता, हळू आणि चांगलं. स्क्रीनवर पांढऱ्या डागाकडे पेन्सिल नेऊन म्हणाला, हा कालचा. आणि हे छोटे ठिपके जुने आहेत, काही महिन्यांचे. पहिले कुछ नोटिस किया था? हाथ में भारीपन? चीज़ें गिरना?

"नहीं," आई म्हणाली. "कुछ भी नहीं था, साहब. एकदम अच्छे थे."

डॉक्टरांनी रीनाकडे पाहिलं. रीनानं स्क्रीनकडे पाहिलं. तेवढ्यात कुणीतरी त्यांना बाहेरून हाक मारली.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. भाऊ राजदीप पुण्याहून आला, सगळं उरकलं, परत गेला. भन्तेजी आले, जलदान विधी झाला, पांढऱ्या साड्यांतल्या बायकांनी वंदना म्हटली. आई दिवाणाच्या कडेला बसून येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती, आणि दरवेळी तेवढ्याच शब्दांत.

"चाय घेतली. पेपरची वाट पाहून राहिले होते. अन् उभ्या उभ्या गेले. काई लक्षन नोतं, बाई. काहीच नोतं."

"नशीबवान," बायका म्हणत. "हाल नाई झाले."

"तेच म्हनतो मी. हाल नाई झाले."

त्या वाक्यापाशी गोष्ट आली की रीना उठायची. पाणी आणायला, चप्पल नीट लावायला, गॅस पाहायला. एकदा तर ती गेटपर्यंत जाऊन परत आली आणि कशाला गेली हे तिलाही सांगता आलं नसतं. एका जागी बसणं होईना. लहानपणापासून तिला वाचायची सवय. दुःखाचं कसं करायचं हे लोकांनी किती भाषांमध्ये लिहून ठेवलंय ते तिला माहीत होतं. पुस्तक उघडायची, एका ओळीवरून चार वेळा डोळा फिरायचा, मिटायची. स्कूटी काढून विनाकारण मोहन नगरपर्यंत जायची, फाटकापाशी वळायची, परत यायची. आईच्या त्या वाक्यावर आई उभी होती. ते काढून घेतलं तर ती कशावर उभी राहील, हाच विचार स्कूटीवर, प्रयोगशाळेत, भांडी घासताना. आणि दुसरा विचार, पहिल्याच्या पाठीला लागलेला. ती चार महिने एवढं सावकाश थांबत होती, त्याऐवजी एकदा बोलली असती तर?

आठव्या दिवशी केवलराम काका आले. मिशीशिवाय. चहाचा कप हातात धरून बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "प्रयोग रद्द करू म्हनतो. मन नाई लागून राहिलं कोनाचं."

"कावून?" आई म्हणाली. "त्याईचं काम होतं ते. अर्ध्यात कावून सोडता? करा तुम्ही."

"ऑर्गन कोन वाजवन?"

"आना ना कोनी. मेला मानूस परत येनार हाय का वाजवाले?" आईचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "रीना गाते. गातेस ना रीना?"

"गाते," रीना म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

नवीन ऑर्गनवाला प्रफुल. कुम्हारीचा, अठ्ठावीस-तीसचा, लग्नांच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचा, पण शिकलेला होता आणि लिहिलेली स्वरलिपी एकदा पाहून वाजवू शकत होता. रविवारी मोटरसायकलवरून धुळीनं माखून आला, हात धुतले, ऑर्गनसमोर आला आणि बसण्याआधी बाकाला हात लावून तो कपाळाला लावला. पहिल्या अंकातली पदं त्यानं इतकी स्वच्छ वाजवली की हर्षा म्हणाली, "अरे यार, ये तो मशीन है." मग जीभ चावली.

तिसरा अंक लागला. रीना उभी राहिली. तिच्या मागं महाराज, म्हणजे काका, त्यांनी ध्रुवपदावर तीन पावलं पुढे यायची होती. हर्षा आणि दोन दासींनी मागून ओळ उचलायची होती. अमरदीप तबल्यावर. पद सुरू झालं. अंतरा वर गेला, रेंगाळला, आणि खाली निघाला.

आणि प्रफुल एकटाच समेवर जाऊन पोचला.

खर्जाचा सूर वेळेवर पडला आणि त्याच्यावर कुणीच नव्हतं. रीना थांबली होती. ते तिला अपेक्षितच होतं. शरीराला सवय लागली होती. पण तबला पडला नाही. अमरदीपचा हात हवेत होता. काकांचं पाऊल उचललेलं आणि टेकलेलं नव्हतं. हर्षाचं तोंड उघडं, आवाज नाही. दोन्ही दासी तशाच. सहाही माणसं एका जागी, एकाच वेळी, अर्धी मात्रा थांबली होती. मग सगळ्यांनी एकदम सम घेतली आणि ती ऑर्गनवर जाऊन आदळली.

प्रफुलनं हात उचलले. "माझी चूक झाली का?"

त्यानं स्वरलिपीच्या कागदावर बोट ठेवलं.

"नाई म्हनजे, मात्रा तर पूर्न झाली होती ना? लिहिलं तर तसंच हाय. तुमी सगळे कावून थांबले?"

काकांनी पाऊल खाली ठेवलं. अमरदीप तबल्याच्या गादीवरची न पडलेली घडी सरळ करू लागला. रीना एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेली. जो तो दुसरीकडे पाहत होता.

"अमर," ती म्हणाली, "तू कधीपासून थांबतोस?"

"डिसेंबर, ताई." तो खाली पाहून म्हणाला. "आठवा बोल जरासा लांबवत होतो. म्हटलं सरांच्या लक्षात नाई यावं."

"हर्षा?"

"मैं तो अमर भैया को देख के रुकती थी," हर्षा म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "मतलब... मले वाटलं का फक्त मलेच समजलं."

"काका?"

केवलराम काका खुर्चीवर बसले. राजाची खुर्ची होती, मागे सोनेरी कागद लावलेली. "पाऊल हळू टाकत होतो," ते म्हणाले. "त्यानं जानेवारीत माह्या घरी चाय सांडवली होती. त्या हातानं. मी म्हटलं थंडी हाय. तो म्हने थंडी हाय." त्यांनी नाक पुसलं. "आमाले वाटे तुले माहीत नाई, रीना. तुह्यावर खेकसे ना तो, तर वाटे पोरगी खरंच चुकते. अन् मंग आपन मिळवून घ्याचं."

"मला वाटत होतं तुम्हाला माहीत नाही," रीना म्हणाली.

बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू झाली आणि गेली. प्रफुल ऑर्गनच्या बाकावर पाहुण्यासारखा अवघडून बसला होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सगळं कळलं होतं.

"मी थांबू शकतो तिथं," तो हळूच म्हणाला. "तुमच्यासंग. सांगान तेवढं."

आणि त्या एका वाक्यानं सगळ्यांच्या जिवात जीव आला. हां, तसंच करा, अमरदीप म्हणाला. तेच ठीक, त्याची आठवन राहते, काका म्हणाले. प्रयोगाआधी मी सांगतो लोकाईले, का ह्या पदात आमी टिकारामच्या सन्मानात अर्धी मात्रा उभे राहतो. हर्षानं टाळी वाजवली. एकाएकी हॉलमध्ये बोलणं सुरू झालं, चहा मागवला गेला, गेल्या पंधरा दिवसांत नव्हता असा हलका आवाज. रीना त्यांच्यात उभी होती. ती चूक होती, तिला म्हणावंसं वाटलं. आजार होता तो. बाबा असते तर तिथं त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवले असते आणि म्हणाले असते, लेट.

निघताना काकांनी तिला स्कूटीपाशी गाठलं.

"वहिनीले नको सांगू हे," ते म्हणाले. "काई फायदा नाई आता. म्हातारीनं मनाशी बांधलं हाय का त्याले काही नोतं. राहू दे तसंच. सहाजनांचं पाप तिच्या डोक्यावर कावून ठेवाचं?"

"पाप आहे म्हणता ना?"

काकांनी स्कूटीच्या हँडलवरचा हात काढला. "तू लई पुस्तकं वाचतेस," ते म्हणाले, आणि वळून गेले.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिला नंतर नीट आठवेना. प्रयोगशाळेत एक नमुना दोनदा तपासला, मग तिसऱ्यांदा. घरी आई कपाट आवरत होती. बाबांचे शर्ट एकेक काढून घडी करत होती आणि परत ठेवत होती. रीना दारापर्यंत जायची. आईच्या मानेमागचं हाड दिसायचं, हल्ली फार वर आलेलं. "काही मदत करू?" ती विचारायची. "नाई, झालंच," आई म्हणायची. असं चार वेळा झालं. पाचव्या दिवशी रीनानं दारात उभं राहून "आई" म्हटलं, आईनं वळून पाहिलं, आणि रीना म्हणाली, "उद्या रंगीत तालीम आहे. येशील का?"

"येतो ना," आई म्हणाली. "त्याईचा ऑर्गन कोन वाजवते ते तर पाहू."

शनिवारी दुपारी हॉलमध्ये घरची माणसं बसली होती. केवलराम काकांची बायको मथुरा काकू, हर्षाचे आईवडील, अमरदीपची दोन लेकरं जमिनीवर. आई पहिल्या रांगेत, लोखंडी घडीच्या खुर्चीवर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. तिनं जन्मात कधी गाणं म्हटलं नव्हतं. पण तीस वर्षं भाकरी थापताना मागच्या खोलीतून तीच पदं ऐकलेली, बाबा कुठं चुकले की ती तव्यापासूनच ओरडायची, "वापस घ्या!"

नाटक चांगलं चाललं. काकांची मिशी टिकली. दुसऱ्या अंकात एक दासी उलट्या बाजूनं आली आणि काकांनी प्रसंग सांभाळत "अगे, मार्ग विसरलीस वाटतं!" म्हटलं, त्यावर लेकरं खदखदून हसली. आईही हसली. रीनानं विंगेतून पाहिलं, आईचे दात दिसले. बऱ्याच दिवसांनी.

तिसऱ्या अंकात रीना भरजरी शालू नेसून, डोक्यावर कागदी मुकुट घेऊन उभी राहिली आणि गायला लागली. आवाज चांगला लागला होता. तिला तो स्वतःचा वाटत नव्हता. अंतरा वर गेला. तिनं आईकडे पाहिलं नाही. खाली येताना सगळे थांबले. आता तर ते ठरवून होतं, त्यामुळे ते जास्तच नेटकं झालं. प्रफुलचा डावा हात खर्जावर तरंगत राहिला आणि मग मऊ पडला. सम आली. पद संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मथुरा काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

आई टाळ्या वाजवत नव्हती. ती किंचित पुढे वाकली होती, तव्यापाशी बसून कान देताना वाकायची तशी.

नाटक संपलं तेव्हा सगळे रंगासकट खाली आले. कुणी मुकुट काढत होतं, कुणी चहाचे कप वाटत होतं. आईनं प्रफुलला जवळ बोलावून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "चांगला वाजवतेस बाप्पा. हात स्वच्छ हाय." मग केवलराम काकांकडे वळली. "भाऊजी, एक सांगा. शेवटच्या पदात तुमी सगळे थांबले कावून? अंतऱ्यावरून येताना. असं तर नाई हाय ते. त्याईनं वाजवलं तर असं नोतं कधी."

काकांनी मिशीला हात लावला. रंगाखाली त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"ते, वहिनी, टिकारामच्या सन्मानात हाय," ते म्हणाले. "आमी ठरवलं सगळ्यांनी. त्याच्यासाठी अर्धी मात्रा उभं राहाचं. लोकाईले सांगू उद्या प्रयोगाच्या आधी."

आईचा चेहरा सैल झाला. तिनं एकेकाकडे पाहिलं, अमरदीपकडे, हर्षाकडे, मग रीनाकडे. "असं का," ती म्हणाली. "मानूसच तसा होता. किती चांगलं केलं तुमी. उभ्या उभ्या गेला बिचारा, काई लक्षन नाई, काई नाई, अन् तुमी सगळे त्याच्यासाठी..."

हर्षानं मान खाली घातली. काकांनी रीनाकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच नाही म्हटलं.

रीनाच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं खुर्चीवर ठेवला. डोक्यावरचा मुकुट काढला, कारण तो डोक्यावर ठेवून हे बोलता येणार नव्हतं, आणि तोही खुर्चीवर ठेवला. मग ती आईसमोर जमिनीवर बसली, शालूसकट, आणि आईचे दोन्ही हात धरले. ते थंड होते.

"आई," ती म्हणाली, "सन्मान नाई तो. दिवाळीपासून बाबाचा डावा हात मांगं पडत होता. तिथंच, त्याच जागी. मले दिसत होतं. मी त्याईच्यासाठी थांबत होती, चार महिने, अन् त्याईले वाटे मीच चुकते, तर चुकू दिलं. रविवारी सांगाले गेली होती त्याईच्या खोलीत. चहाचं विचारून परत आली. अन् डॉक्टरनं विचारलं ना, तू नाई म्हटलं, तवा मी तुह्या बाजूलेच बसली होती. मले माहीत होतं, आई. लक्षन होतं. मी कोनालेच सांगितलं नाई."